स्विचवर स्पॅनिंग ट्रीची संरक्षणे बसवताना

नागपुरात एप्रिल लागला की कार्यालयांत कूलर बसू लागतात, कूलरला जागा करून देण्यासाठी खिडकीकडची टेबले सरकवली जातात आणि टेबलांबरोबर त्यांच्यामागच्या नेटवर्क केबलही उपटल्या जातात. सीताबर्डीतील एका कार्यालयात काही वर्षांपूर्वी असेच घडले. एका टेबलाखाली आठ पोर्टचा साधा स्विच ठेवलेला होता आणि त्याची केबल भिंतीतल्या जॅकमध्ये होतीच. टेबल हलवणाऱ्याला त्याच स्विचमधून निघालेली आणखी एक केबल जमिनीवर पडलेली दिसली, आणि तिचे मोकळे टोक त्याने भल्या हेतूने शेजारच्या रिकाम्या जॅकमध्ये खोचले. मिनिटभरात तिन्ही मजल्यांचे नेटवर्क बसले. मी पोहोचलो तेव्हा रॅकमधल्या सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत, न थांबता लुकलुकत होते. दुरून लॉगिन होत नव्हते. शेवटी कन्सोल केबल लावून, अपलिंक (मजल्यांच्या स्विचना मुख्य स्विचशी जोडणाऱ्या केबल) एकेक करून काढत दोषी मजला शोधावा लागला.

त्या मजल्याच्या रॅकमधल्या स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे जोडण्यांचे वर्तुळ (लूप) होऊ न देणारी व्यवस्था, चालू होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ते असूनही लूप झाला, कारण आधीच्या कोणी तरी लॉगमधील त्रासदायक संदेश बंद करण्यासाठी त्या जॅकच्या पोर्टवर बीपीडीयू फिल्टर, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप (बीपीडीयू) अडवणारी सोय, लावून ठेवले होते. म्हणजे संरक्षण नव्हते असे नाही. चुकीचे संरक्षण चुकीच्या पोर्टवर होते. म्हणून या लेखात कमांड सांगण्याआधी एक प्रश्न वारंवार विचारला आहे: या पोर्टवर बीपीडीयू यायला हवा आहे की नको? याचे उत्तर प्रत्येक पोर्टसाठी ठरले की कोणते संरक्षण कोठे बसवायचे, हे जवळजवळ आपोआप ठरते.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आयपी पाकिटावर आयुष्याचा आकडा असतो आणि प्रत्येक राउटरवर तो एकने कमी होतो. इथरनेटच्या फ्रेमवर तसा काही आकडा नसतो, त्यामुळे लूपमध्ये सापडलेली ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेली) फ्रेम कोणी केबल काढेपर्यंत फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढत जातात. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीची युक्ती काढली. १९९० मध्ये ती ८०२.१डी या मानकात आली आणि २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू म्हणून तिची जलद आवृत्ती निघाली. स्विच एकमेकांना दर २ सेकंदांनी बीपीडीयू नावाचा छोटा निरोप पाठवतात, त्यांतून एकाला रूट निवडतात आणि रूटकडे जाणारा एकच मार्ग खुला ठेवून बाकीचे मार्ग अडवून धरतात. ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा सर्वांत लहान तो रूट; आकडे सारखे असतील, तर ज्याचा मॅक पत्ता (कारखान्यातच मिळालेला क्रमांक) लहान तो. कोणीच काही बदलले नसेल, तर सर्वांचा आकडा ३२७६८ असतो, आणि मग बहुधा रॅकमधला सर्वांत जुना, धुळीने माखलेला स्विचच साऱ्या नेटवर्कचा रूट होऊन बसलेला आढळतो.

या व्यवस्थेची खरी कमजोरी म्हणजे तिचा भाबडेपणा. समोरून आलेला बीपीडीयू कोणी पाठवला, त्याला तो अधिकार होता का, हे स्पॅनिंग ट्री विचारत नाही. त्याहून वाईट म्हणजे, बीपीडीयू येणे थांबले तर पलीकडे आता कोणी नाही असे ते समजते आणि अडवलेला मार्ग खुला करते. पुढील सर्व संरक्षणे या दोन दोषांवरचे उपाय आहेत: बीपीडीयू नको तेथे आला तर काय करावे, आणि हवा तेथे आला नाही तर काय करावे.

पुढे दिलेल्या कमांड सिस्कोच्या स्विचच्या आहेत आणि त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. स्विचवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

आधी कागद आणि पेन्सिल

प्रत्येक स्विचचे पोर्ट तीन गटांत वाटून घ्यावेत. पहिल्या गटात संगणक, प्रिंटर, कॅमेरे, आयपी फोन यांचे पोर्ट येतात. त्यांना कडेचे पोर्ट म्हणू. दुसऱ्या गटात मुख्य स्विचवरून खालच्या मजल्यांच्या स्विचकडे उतरणारे पोर्ट, तर तिसऱ्या गटात खालच्या स्विचवरून वर मुख्य स्विचकडे जाणारे अपलिंक. कोणता पोर्ट कोठे जातो याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते, आणि असली तरी ती दोन स्थलांतरांपूर्वीची असते. म्हणून ‘शो सीडीपी नेबर्स’ किंवा ‘शो एलएलडीपी नेबर्स’ या, शेजारची उपकरणे दाखवणाऱ्या कमांड चालवून ती ताजी करावी.

त्याच बैठकीत प्रत्येक कडेच्या पोर्टसाठी ‘शो स्पॅनिंग-ट्री इंटरफेस’ ही कमांड पोर्टचे नाव आणि ‘डिटेल’ हा शब्द जोडून चालवावी. तिच्या उत्तरात त्या पोर्टवरून किती बीपीडीयू पाठवले गेले आणि किती आले, हे आकडे असतात. संगणकाच्या म्हणवल्या जाणाऱ्या पोर्टवर ‘आलेले’ या आकड्यापुढे शून्य नसेल, तर तेथे संगणक नाही, कोणी तरी स्विच लावला आहे, किंवा कधी तरी लावला होता. बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणारे संरक्षण) चालू केल्यावर असले पोर्ट झटक्यात बंद पडतात आणि त्यांच्यामागे बसलेल्यांचे फोन येऊ लागतात. ते फोन आधीच टाळण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. मात्र साधे, आयपी पत्ता नसलेले स्वस्त स्विच स्वतःहून बीपीडीयू पाठवत नाहीत, त्यामुळे ते या चाचणीत दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी टेबलांखाली वाकूनच पाहावे लागते.

रूट स्वतः निवडावा

संरक्षण बसवण्याआधी कोणाचे संरक्षण करायचे ते ठरले पाहिजे. मुख्य स्विचवर पुढील दोन ओळी द्याव्यात:

स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १-४०९४ प्रायॉरिटी ४०९६

पहिली ओळ स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती चालू करते, दुसरी प्रत्येक व्हीलॅनसाठी, म्हणजे स्विचवरच्या प्रत्येक आभासी नेटवर्कसाठी, प्रायॉरिटी ठरवते. दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे पहिला बंद पडल्यास रूट होणाऱ्या, स्विचवर हाच आकडा ८१९२ ठेवावा. प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते. ‘रूट प्रायमरी’ ही तयार कमांडही उपलब्ध आहे, पण ती चालवली त्या क्षणी जो रूट असेल त्याच्याशी तुलना करून एकदाच आकडा बसवते आणि पुढे लक्ष ठेवत नाही; त्यामुळे आकडा स्वतः लिहिलेला बरा, कॉन्फिगरेशन वाचणाऱ्यालाही हेतू स्पष्ट दिसतो. नंतर प्रत्येक स्विचवर ‘शो स्पॅनिंग-ट्री रूट’ चालवून सगळे एकाच रूटचे नाव सांगत आहेत, याची खात्री करावी.

कडेचे पोर्ट: पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड

जुन्या पद्धतीत पोर्ट सुरू झाल्यावर ऐकणे आणि शिकणे या दोन अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद घालवतो, आणि तोवर संगणकाला डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) आयपी पत्ता मिळत नाही. जलद आवृत्तीतही, हा पोर्ट कडेचा आहे असे सांगितले नाही, तर संगणकाच्या पोर्टवर हीच वाट पाहावी लागते. पोर्टफास्ट ही वाट टाळतो आणि पोर्ट तत्काळ खुला करतो. पण तत्काळ खुला होणारा पोर्ट म्हणजे लूपलाही तत्काळ खुला होणारा पोर्ट. म्हणून पोर्टफास्ट लावला तेथे बीपीडीयू गार्ड लावलाच पाहिजे. एकाशिवाय दुसरा लावलेला मी स्वीकारत नाही. साऱ्या स्विचसाठी एकदाच सांगायचे असेल तर:

स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट डिफॉल्ट
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूगार्ड डिफॉल्ट

नव्या आवृत्त्यांत ‘पोर्टफास्ट’ नंतर ‘एज’ हा शब्द जोडावा लागतो. या सामायिक कमांडमध्ये एक बारकावा आहे: गार्ड केवळ त्याच पोर्टवर लागू होतो जो त्या वेळी पोर्टफास्ट अवस्थेत चालत आहे, आणि ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या) पोर्टवर हा सामायिक पोर्टफास्ट लागत नाही. याउलट एखाद्या पोर्टच्या आत जाऊन ‘स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल’ असे लिहिले, तर पोर्टफास्ट असो वा नसो, गार्ड तेथे उभाच राहतो. सभागृह, स्वागतकक्ष, प्रशिक्षणाची खोली अशा ज्या जागी बाहेरची माणसे केबल लावतात, तेथे मी ही दुसरी पद्धत वापरतो. नागपुरात डिसेंबरच्या आसपास हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने अनेक इमारतींत तात्पुरत्या जोडण्या वाढतात आणि त्यांपैकी कोणती जोडणी कोणाची, हे तिसऱ्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. अशा पोर्टवर गार्ड नसणे म्हणजे दार सताड उघडे टाकणे होय.

आयपी फोनकडेही लक्ष द्यावे. फोनच्या मागे दोन खोबण्या असतात, एक भिंतीकडून येणाऱ्या केबलसाठी आणि दुसरी संगणकासाठी, आणि आत एक छोटा स्विच असतो. सफाई करताना निघालेल्या दोन्ही केबल भिंतीतच खोचल्या गेल्या, तर तो फोनच लूप बनतो. बीपीडीयू गार्ड हे बहुधा पकडतो, कारण एका पोर्टवरून निघालेला बीपीडीयू फोनमधून फिरून दुसऱ्या पोर्टवर परत येतो.

गार्डने पकडलेला पोर्ट एर-डिसेबल (दोषामुळे बंद) अवस्थेत जातो आणि लॉगमध्ये बीपीडीयू आल्यामुळे पोर्ट बंद केल्याचा संदेश उमटतो. ‘शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड’ या कमांडने बंद पडलेले पोर्ट कारणासह दिसतात. कारण दूर केल्यावर पोर्टच्या आत ‘शटडाउन’ आणि मग ‘नो शटडाउन’ दिले की तो पुन्हा सुरू होतो. हे काम आपोआप व्हावे असे वाटत असेल, तर पुढील ओळी आहेत:

एरडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड
एरडिसेबल रिकव्हरी इंटरव्हल ९००

काही न सांगितल्यास ही मुदत ३०० सेकंद असते, आणि ती सर्व कारणांसाठी एकच असते. आपोआप सुरू होण्याची सोय सरसकट लावू नये, असे माझे मत आहे. लूप तसाच असेल, तर पोर्ट दर वेळी क्षणभर उघडून पुन्हा बंद होतो, आणि वापरणाऱ्याला मात्र ‘नेट येते-जाते’ एवढेच कळते. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात, जेथे एका पोर्टसाठी माणूस पाठवायचा म्हणजे अर्धा दिवस जातो, तेथे ती जरूर असावी. स्विच आपल्याच इमारतीत असेल, तर पोर्ट बंदच राहू द्यावा आणि जाऊन पाहावे.

बीपीडीयू फिल्टर: नाव सारखे, स्वभाव उलटा

या फिल्टरचे दोन अवतार आहेत आणि ते एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूफिल्टर डिफॉल्ट’ ही सामायिक कमांड पोर्टफास्टच्या पोर्टवरून बीपीडीयू पाठवणे, सुरुवातीचे मोजके सोडल्यास, थांबवते. पण समोरून एखादा बीपीडीयू आलाच तर फिल्टर आणि पोर्टफास्ट दोन्ही गळून पडतात आणि पोर्ट नेहमीसारखा वागू लागतो. हे चालण्यासारखे आहे. पोर्टच्या आत लिहिलेले ‘स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूफिल्टर एनेबल’ मात्र पाठवतही नाही आणि आलेले पाहतही नाही. म्हणजे त्या पोर्टपुरते स्पॅनिंग ट्री बंद केल्यासारखेच होते. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्ड असला तरी उपयोग नाही, कारण गार्डला दिसण्याआधीच फिल्टर बीपीडीयू टाकून देतो. सीताबर्डीच्या त्या कार्यालयात नेमके हेच झाले होते. आपल्या नेटवर्कची हद्द जेथे संपते आणि दुसऱ्या कंपनीचे उपकरण सुरू होते, असे एखादे ठिकाण सोडले तर ही कमांड कोठे असावी, याचे समर्थन मला सापडलेले नाही. जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये ती शोधावी आणि सापडल्यास, तेथे लूप नाही याची आधी खात्री करून, काढावी.

खाली उतरणारे पोर्ट: रूट गार्ड

मुख्य स्विचवरून मजल्यावरच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू येऊ शकतात, पण ‘मी रूट होण्यास अधिक लायक आहे’ असे सांगणारा बीपीडीयू तेथून कधीच येता कामा नये. रूट गार्ड एवढेच पाहतो. पोर्टच्या आत ‘स्पॅनिंग-ट्री गार्ड रूट’ असे लिहावे. असा बीपीडीयू आला की पोर्ट रूट-इनकन्सिस्टंट अवस्थेत जाऊन वाहतूक थांबवतो आणि तो येणे थांबले की आपोआप पूर्ववत होतो. येथे हाताने काही करावे लागत नाही.

चूक होते ती जागा निवडताना. खालच्या स्विचच्या अपलिंकवर रूट गार्ड लावला, तर खऱ्या रूटचाच बीपीडीयू नाकारला जाईल आणि तो मजला तुटेल. दुसऱ्या क्रमांकाच्या मुख्य स्विचवर, पहिल्याकडे जाणाऱ्या पोर्टवरही तो कधीच लावू नये. त्याच दुसऱ्या स्विचच्या खाली उतरणाऱ्या पोर्टवर लावताना आणखी विचार करावा. दोन मुख्य स्विचमधली थेट जोडणी तुटली, तर दुसऱ्याला रूटची खबर मजल्यावरच्या स्विचमार्गे, म्हणजे खालून, मिळेल. तेथे रूट गार्ड असेल, तर तो हा पर्यायी मार्गही अडवेल. दोन मुख्य स्विच किमान दोन केबलच्या पोर्ट-चॅनलने (अनेक केबल मिळून झालेल्या एकाच जोडणीने) जोडलेले असतील आणि त्या केबल वेगवेगळ्या मार्गांनी नेलेल्या असतील, तरच तेथे रूट गार्ड लावावा.

वर जाणारे पोर्ट: लूप गार्ड आणि यूडीएलडी

येथे प्रश्न उलटा आहे. या पोर्टवर बीपीडीयू आलाच पाहिजे, आणि न येणे हाच धोका आहे. फायबरच्या दोन तारांपैकी एक तुटली किंवा तिचा कनेक्टर ढिला झाला, तर वाहतूक एकाच दिशेने चालू राहते. अडवून धरलेल्या पोर्टवर बीपीडीयू येत नाही, जलद आवृत्तीत तीन निरोप चुकले की, म्हणजे ६ सेकंदांत, आणि जुन्या आवृत्तीत २० सेकंदांनंतर तो पोर्ट ‘रस्ता मोकळा आहे’ असे समजून उघडण्याच्या मार्गाला लागतो, आणि लूप पूर्ण होतो. लूप गार्ड असल्यास पोर्ट उघडण्याऐवजी लूप-इनकन्सिस्टंट अवस्थेत जातो आणि बीपीडीयू पुन्हा येऊ लागला की स्वतःहून सुधारतो. त्यासाठी ‘स्पॅनिंग-ट्री लूपगार्ड डिफॉल्ट’ ही एक ओळ पुरते. एखाद्या पोर्टपुरता हवा असल्यास ‘स्पॅनिंग-ट्री गार्ड लूप’. एकाच पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड एकत्र नांदत नाहीत: नंतर लिहिलेला आधीच्याला काढून टाकतो. पोर्टची वाटणी कागदावर नीट झाली असेल, तर हा प्रसंगच येत नाही.

एकतर्फी जोडणी मुळातच पकडण्यासाठी सिस्कोचा यूडीएलडी आहे. तो आपली ओळख पाठवतो आणि शेजाऱ्याच्या उत्तरात ती परत येते का, हे पाहतो. म्हणून तो दोन्ही टोकांना चालू असावा लागतो. ‘यूडीएलडी एनेबल’ ही सामायिक कमांड फक्त फायबरच्या पोर्टवर लागू होते, आणि कारखान्यांत नेमकी येथेच फसगत होते. एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत फायबर असते, पण दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे फायबरवरचे संकेत तांब्याच्या केबलवर आणणारी, डबी आणि तिथून स्विचपर्यंत साधी तांब्याची केबल. स्विचच्या दृष्टीने तो तांब्याचा पोर्ट, त्यामुळे सामायिक कमांडचा त्याला स्पर्शही होत नाही; आणि डबीत लिंक तुटल्याची खबर पुढे पोचवण्याची सोय बंद असेल, तर फायबर तुटले तरी स्विचवरचा हिरवा दिवा निर्विकारपणे जळत राहतो. अशा पोर्टच्या आत ‘यूडीएलडी पोर्ट अ‍ॅग्रेसिव्ह’ असे स्वतंत्रपणे लिहावे. या कडक प्रकारात शेजारी अचानक गप्प झाला तरी पोर्ट एर-डिसेबल होतो.

बीपीडीयू गिळणारे स्विच आणि स्टॉर्म कंट्रोल

काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत. अशा स्विचमध्ये एकाच पॅचकॉर्डची दोन्ही टोके खोचली गेली, तर ब्रॉडकास्टचा पूर आपल्याकडे येतो, पण बीपीडीयू येत नाही, आणि गार्ड झोपलेला राहतो. त्यासाठी कडेच्या पोर्टवर ‘स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल १.००’ लिहावे, एक गिगाबिटच्या पोर्टवर याचा अर्थ १० मेगाबिटची मर्यादा असा होतो. त्याला ‘स्टॉर्म-कंट्रोल अ‍ॅक्शन ट्रॅप’ जोडले की मर्यादा ओलांडल्याची खबरही मिळते. मर्यादा ठरवण्याआधी एखादा आठवडा नेहमीची वाहतूक पाहून घ्यावी.

एचपी आणि अरुबाच्या जुन्या मालिकेत पोर्टफास्टला अ‍ॅडमिन-एज-पोर्ट आणि बीपीडीयू गार्डला बीपीडीयू-प्रोटेक्शन म्हणतात. त्यांचे लूप-प्रोटेक्ट स्वतःच्या वेगळ्या फ्रेम पाठवून लूप शोधते, त्यामुळे बीपीडीयू गिळणाऱ्या स्विचपुढेही ते उपयोगी पडते. ज्युनिपरवर बीपीडीयू-ब्लॉक-ऑन-एज आणि, रूट गार्डच्या जागी, नो-रूट-पोर्ट हे शब्द शोधावेत.

बदल करण्याची वेळ आणि चाचणी

हे बदल कार्यालय सुटल्यावर, एका वेळी एकाच स्विचवर करावेत, आणि सुरुवात कडेच्या स्विचपासून करावी. दुरून काम करत असल्यास चालू कॉन्फिगरेशन आधी जतन करावे आणि ‘रीलोड इन १०’ द्यावे. बदलाने स्वतःचाच रस्ता तोडला गेला, तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनसह परत उभा राहील. सर्व ठीक असल्यास ‘रीलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नये. मी एकदा विसरलो आहे.

मग चाचणी. ‘शो स्पॅनिंग-ट्री समरी’ मध्ये पोर्टफास्ट, बीपीडीयू गार्ड आणि लूप गार्ड चालू दिसले पाहिजेत आणि ‘शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स’ चे उत्तर रिकामे आले पाहिजे. त्यानंतर एक पॅचकॉर्ड घेऊन तिची दोन टोके भिंतीतल्या दोन जॅकमध्ये स्वतःच्या हाताने लावावीत. काही क्षणांत एक किंवा दोन्ही पोर्ट बंद झाल्याचा संदेश कन्सोलवर येईल, आणि बाकी मजला जसाच्या तसा चालू राहील. संदेश आला नाही, तर केबल लगेच काढावी आणि त्या दोन पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये सर्वप्रथम फिल्टर हा शब्द शोधावा. आला, तर केबल काढून पोर्ट सुरू करावेत, ‘राइट मेमरी’ द्यावे आणि पोर्टची वाटणी लिहिलेला तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा.